मामाने वाचलेला ढग

माझा मामा बार उडवायचा. गल्लीत त्याला सगळे 'बारवाले' म्हणत, आणि दर नवा भाडेकरू एकदा तरी संध्याकाळी आमचं दार वाजवून हळूच विचारायचा, "कितीला उघडतं?" मामा थेंबही घेत नसे. तो त्या माणसाला आत बसवून चहा पाजायचा आणि दगडाच्या खाणीतला बार म्हणजे काय ते समजावून सांगायचा. कड्यात ड्रिलने भोकं पाडायची, भोकात स्फोटक भरायचं, वर ओली माती ठासायची, वातीला काडी लावायची आणि जीव घेऊन पळायचं. "ठासणी लाकडी दांड्यानेच करायची," तो बजावायचा, जणू समोरचा उद्यापासून कामावरच येणार आहे. "लोखंडी दांडा घेतलास तर ठिणगी पडते, मग घरी तुझा फोटोच जातो."

त्याच खाणीत माझे बाबा ड्रिल चालवायचे. बाबा भोकं पाडायचे, मामा ती भरायचा. दोघांची आधी दोस्ती होती, मग बाबांनी आईशी लग्न केलं. आई मामाहून चार वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं होतं. मारून-मुटकूनच वाढवलं, असं ती स्वतःच सांगते.

मी सहा वर्षांची असताना ते घडलं.

दुपारी एक वाजता खाणीत बार उडत. जेवणाची सुट्टी तेव्हाच असायची. त्या दिवशी बारा बार भरले होते. प्रत्येकाची वात आधीच्यापेक्षा थोडी लांब ठेवायची, म्हणजे ते एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. सगळे पत्र्याच्या शेडमागे उकिडवे बसून मोजायचे. मोजणी पुरी झाली तरच कड्याकडे जायचं, आणि एक जरी कमी भरला तरी अर्धा तास कुणी हलायचं नाही, असा नियम होता. वात कधीकधी मध्येच धुमसत राहते.

त्या दिवशी अकरा आवाज झाले.

"दोन एकदम उडाले," ठेकेदार म्हणाला. "चला, बारा झाले." रस्त्यावर सहा ट्रक इंजिन चालू ठेवून उभे होते. सगळ्यांनी मामाकडे पाहिलं, कारण शेवटचा शब्द बार भरणाऱ्याचा असतो. त्यानंतर बाबा उठले, खांद्यावरचा फडका झटकला आणि कड्याकडे निघाले. मामा त्यांच्या मागे दहा पावलांवर होता. बाबा कड्यापाशी पोचले आणि बारावा उडाला.

बाबांचं काही शिल्लक राहिलं नाही, असं म्हणतात. मला ते दाखवलं नाही. मामाची डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि डावा कान गेला. कानाचा पडदाही गेला आणि बाहेरची पाळीही.

आई मला घेऊन खाणीवर पोचली तेव्हा मामा शेडच्या खांबाला टेकून बसला होता, अंगभर दगडाची भुकटी आणि तिच्यावरून ओघळणारं रक्त. आईने माझं बोट सोडलं. खाली वाकली, दोन्ही हातांनी एक धोंडा उचलला आणि मामावर घातला. तो डोक्यावर बसायचा तो खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मामाने हात वर केला नाही. दुसरा धोंडा उचलायच्या आत चार बायकांनी तिला धरलं, आणि त्या चौघींनाही तिने ओरबाडून काढलं.

बाराव्या दिवशी मामा गळ्यात हात बांधून ठेकेदाराच्या ऑफिसात गेला. उजव्या हातात ड्रिलची सळई होती. त्याने ठेकेदाराचा जबडा फोडला, मग गुडघा फोडला, मग टेबलावरचा फोन उचलून स्वतःच पोलिसांना बोलावलं आणि खुर्ची ओढून बसून राहिला. कोर्टात त्याने सगळं कबूल केलं. चौकशीच्या कागदात 'सदोष वात' असं लिहून प्रकरण मिटवलं गेलं. गल्लीत लोक म्हणाले, तो पिऊन होता. त्यावर मामाने कधी कुणाला उत्तर दिलं नाही. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

तो सुटला त्या सकाळी आई मला घेऊन तुरुंगाच्या दारात गेली. मी दहा वर्षांची होते. मामा बाहेर आला आणि आमच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. आई त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "त्याला सांग, पिशवी उचल आणि चल."

मोठी झाल्यावर मी तिला विचारलं होतं, त्याला घरी का आणलंस?

"बाहेर कुणीतरी मारला असता," ती म्हणाली. "त्याला मारायचा हक्क माझा आहे."

त्यानंतर एकवीस वर्षं ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागच्या खोलीत मामा, पुढच्या खोलीत आम्ही दोघी. आई हॉस्पिटलच्या चादरी धुऊन इस्त्री करायच्या कामाला होती, मामा दगडाच्या वखारीत छिन्नी-हातोड्याने चिरे फोडायचा. स्फोटकाचा परवाना त्याला पुन्हा मिळाला नाही, त्याने मागितलाही नाही. आई ताट वाढायची ते आपटून. निरोप माझ्याकरवी जायचे, तो समोर बसलेला असला तरी. मी शिकायला बाहेरगावी गेले तेव्हा ती भिंतीला सांगायला लागली. "नळ गळतोय, कुणाला दिसत नाही वाटतं," असं भिंतीला म्हणायची, आणि मामा उठून नळ दुरुस्त करायचा.

वर्षातून दोन-चार वेळा ती फुटायची. काचेची बरणी, पाट, हाताला येईल ते त्याच्या अंगावर जायचं. एकदा तापलेली इस्त्री फेकली. मामा कधी चुकवायचा नाही. त्याच्या दंडावर इस्त्रीच्या टोकाचा डाग अजून आहे. चुकवायला शिकले ती मी. त्या घरात खाली वाकण्यात माझ्याइतकं तरबेज कुणी नव्हतं.

मी पदार्थविज्ञान शिकले, घरी परतले आणि आकाशाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत लागले. लोकांना वाटतं, आम्ही दुर्बिणीला डोळा लावून बसतो. मी दिवसा दहा ते सहा काँप्युटरसमोर बसते. रेडिओ दुर्बिणीला दिवस-रात्रीचं फारसं सोयरसुतक नसतं. तिने गोळा केलेल्या आकड्यांतून मी चित्रं तयार करते, आणि माझी चित्रं बहुतेक एकाच गोष्टीची असतात: एखादा अजस्र तारा आपल्या भोवतालच्या वायूच्या ढगाचं काय करतो.

करतो ते भयंकर असतं. आपला सूर्य गरीब गाय आहे. सूर्याच्या तीसपट वस्तुमानाचा तारा मात्र लाखपट तेजाने जळतो. ज्या थंड, काळ्या ढगाच्या पोटात तो जन्मतो, त्याच ढगाला तो पहिल्या दिवसापासून फाडायला लागतो. त्याचे अतिनील किरण वायूच्या अणूंचे तुकडे करतात. गोठलेला ढग दहा हजार अंशांवर जातो, फुगतो आणि बाजूचं सगळं ढकलत सुटतो. वर ताऱ्याच्या अंगावरून वारा सुटलेला असतो, सेकंदाला दोन हजार किलोमीटरच्या वेगाने. काही लाख वर्षांत ढगात एक प्रचंड पोकळी होते आणि कडेला दाबलेल्या वायूची भिंत उभी राहते. मग ताऱ्याचं इंधन संपतं आणि तो त्याच पोकळीत स्वतःच फुटतो.

आमच्याकडे अशा एका ढगाचं काम होतं. तारा कधीच फुटून गेलेला, मागे उरलेली पोकळी आणि भिंत. ताऱ्याने आयुष्यभर किती जोर लावला, शेवटच्या स्फोटात किती लावला, याचा हिशोब मी मांडला होता. पोकळीतला तापलेला वायू आणि ढकलली गेलेली भिंत यांत तो सगळा जोर सापडायला हवा होता. सापडत होता जेमतेम चौथा हिस्सा. दोन वर्षं मी आकडे पुन्हापुन्हा तपासत होते. आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणत, "गणितात चूक तरी आहे, नाहीतर आपण चुकीच्या जागी तरी बघतोय."

एका रविवारी दुपारी मी त्या ढगाचं मोठं छापील चित्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं होतं. आई पुढच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. मामा पाणी प्यायला आला आणि पेला हातात घेऊन तिथेच थांबला. मग त्याने चित्र अर्धवट फिरवून आपल्या समोर घेतलं.

"कुणी उडवला हा?"

मला हसू आलं. "ताऱ्याने."

"एका दमात नाही उडवलेला."

"म्हणजे?"

त्याने तीन बोटांचा हात चित्रातल्या भिंतीवरून फिरवला. "हे बघ. ही कड हळूहळू दाबत आणलीय, कितीतरी दिवस. म्हणून एवढी गुळगुळीत आहे. आणि या आतल्या चिरा नंतरच्या. आधी पोकळ केलं, मग आतून तडाखा बसला."

मी पेन खाली ठेवलं. हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते कळायला मला पाच वर्षांचं कॉलेज लागलं होतं.

"आणि इथे," तो वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवून म्हणाला, "इथे ठासणी कच्ची होती."

त्या बाजूला भिंत विरळ होती. ढग तिथे मुळातच पातळ असावा, एवढंच आम्ही लिहून ठेवलं होतं.

"बार आळशी असतो, पोरी. जिकडे कमी कष्ट तिकडे पळतो. तोंड नीट ठासलेलं नसेल तर सगळा जोर तोंडातून बाहेर, आणि दगड आहे तिथेच. तुझा जोर कुठे गेला विचारतेस ना रोज? इथून गेला. याच्या पुढे काय आहे?"

पुढे चित्र संपलं होतं. आम्ही तिथवरच कापलं होतं. पलीकडे काही नाही, असं धरून चाललो होतो.

मी काहीतरी बोलणार होते, पण मामा माझ्याकडे बघत नव्हता. तो त्या विरळ कोपऱ्याकडेच बघत होता आणि त्याचा आवाज बदलला होता.

"असा बार गेला ना, की आवाज बारीक येतो. फुस्स करून जातो. दुसऱ्या बाराच्या आवाजात ऐकूही येत नाही. त्या दिवशी मी तेच धरलं. बारावा तसा गेला असेल, म्हटलं. ठेकेदार ओरडत होता, ट्रकवाले हॉर्न देत होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली."

त्याने पेला टेबलावर ठेवला.

"पण बारावा मी स्वतः ठासला होता. माझी ठासणी कधी कच्ची नसायची. मला माहीत होतं."

दाराशी चादरींचा गठ्ठा पडल्याचा आवाज झाला. आई उंबऱ्यात उभी होती.

"किती ऐकलेस?" तिने विचारलं. भिंतीला नाही, मला नाही. सरळ त्याला.

मामा उठून उभा राहिला. "अकरा, ताई."

"अकरा ऐकलेस."

"हो."

"आणि मान हलवलीस."

"हो."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग हात थांबलाच नाही. छातीवर, तोंडावर, मोडून वाकडं जुळलेल्या खांद्यावर. पेला फुटला, खुर्ची उलटली. त्रेसष्ट वर्षांची बाई, पण आयुष्यभर ओल्या चादरी पिळलेले हात. मामाच्या नाकातून रक्त आलं. तो हलला नाही. मी मध्ये पडले तर एक फटका मलाही बसला, आणि त्या दिवशी मला वाकायचं सुचलं नाही. शेवटी तिचा दम संपला आणि ती काचांच्या शेजारी फरशीवर बसली.

"पंचवीस वर्षं," ती धापा टाकत म्हणाली, "पंचवीस वर्षं मला वाटत होतं, तो माझ्यामुळे गेला. सकाळी भांडून पाठवलं होतं मी त्याला. डोकं ठिकाणावर नसेल, म्हणून मोजायला चुकला असेल. हे मनात घेऊन जगले मी. आणि तुला माहीत होतं."

हे मलाही ठाऊक नव्हतं. मामालाही नव्हतं. तो तिच्यासमोर खाली बसला, गुडघ्याला काच लागली तरी बसला, आणि लहान मुलासारखा हंबरडा फोडून रडला. आईने त्याला जवळबिवळ घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "नाक पूस. चादरीला लागेल."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलते. बोलते म्हणजे भांडते. पण थेट भांडते.

सोमवारी मी मॅडमना चित्राच्या पलीकडचं आकाश बघायची गरज सांगितली. "भिंतीतून गळती होते हे पुस्तकात आहे," त्या म्हणाल्या, "पण या ढगात तिथे कुणी बघितलेलं नाही. लाव दुर्बीण." वेळ मिळायला चार महिने लागले. विरळ कोपऱ्याच्या पुढे वायूला आरपार भोक पडलेलं होतं. मग एका क्ष-किरण उपग्रहाची जुनी चित्रं काढली. भोकाच्या बाहेर, अगदी फिकट, पण पोकळीहूनही मोठा असा तापलेल्या वायूचा फवारा पसरला होता. बेपत्ता जोराचा निम्म्याहून अधिक भाग तिथे सापडला. उरलेला अजून सापडायचा आहे.

मॅडमनी मामाला संस्थेत बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, इस्त्री आईने केलेली. मॅडमनी त्याला पडद्यावर भिंतीचा एक तुकडा मोठा करून दाखवला. तिथे वायूचे काळे खांब उभे होते, सगळ्यांची टोकं मेलेल्या ताऱ्याकडे वळलेली. ढगातल्या घट्ट गाठी तेवढ्या टिकल्या होत्या आणि त्यांच्या आडोशाने मागचा वायू वाचला होता.

"याच्या शेंड्यात बघा," मॅडम म्हणाल्या. "मार खाऊन वायू एवढा दाबला गेलाय, की आत नवे तारे बनतायत. म्हणजे विध्वंसातून काहीतरी उभं राहतं."

त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं. घरची हकीकत मी त्यांना थोडीफार सांगितली होती.

मामाने बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "बनले किती आणि उडाले किती?"

"म्हणजे?"

"हा तारा फुटला नसता, एवढं थैमान घातलं नसतं, तर या सगळ्या ढगातून किती तारे बनले असते?"

"जास्त," मॅडम म्हणाल्या. "खूप जास्त. शेंड्यात बनतायत ते मोजकेच. बाकीचा वायू उधळला गेला, तो आता कामाचा नाही."

"मग तेच सांगा शिकणाऱ्या पोरांना," मामा म्हणाला. "हे दोन-चार उरले म्हणून बार चांगला होत नाही."

दुसऱ्या आठवड्यात त्याने वखारीचं काम सोडलं आणि आसपासच्या खाणींवर फिरायला लागला. दुपारी एकच्या आत पोचायचं, शेडमागे बसलेल्या माणसांत जाऊन बसायचं आणि मोजायचं कसं ते सांगायचं. दोघांनी वेगवेगळं मोजा. एक जरी कमी भरला तर अर्धा तास बसून राहा, ओरडणारा कुणीही असो. आणि मग स्वतःची गोष्ट सांगायची, मान हलवल्यासकट. कुठे ऐकून घेतलं, कुठे हाकललं. एका खाणीत मुकादमाने फावड्याच्या दांड्याने त्याच्या तीन बरगड्या मोडल्या, कारण त्याच्या सांगण्यावरून माणसं अर्धा तास जागची उठली नव्हती. त्या दिवशी आत काही धुमसत नव्हतं. मोजणीच चुकली होती. मामा हॉस्पिटलात पडल्यापडल्या म्हणाला, "चुकली तर चुकली. अर्धा तासच गेला ना?"

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली नाही. ती त्या खाणीवर गेली, मी धावत मागे. मुकादम शेडमध्ये जेवत होता. आईने त्याचा डबा उचलून बाहेर भिरकावला.

"माझ्या भावाला हात लावलास?" ती म्हणाली. "माझा नवरा गेलाय असल्या घाईत. आता मी रोज इथे येऊन बसणार आहे. मला मारायचं असेल तर आत्ताच मार, उद्या मला वेळ नाही."

मुकादम उठला. त्याच्या मागे ड्रिलवाले उठले, मग ट्रकवाले खाली उतरले, आणि ते सगळे आईच्या बाजूला येऊन उभे राहिले. मुकादम खाली बसला. त्या खाणीत आता दोघं जण मोजतात. इतर खाणींचं मी सांगू शकत नाही. दोन महिन्यांपूर्वी पलीकडच्या डोंगरात एक पोरगा गेलाच, जेमतेम विशीतला. तिथे मामा पोचला नव्हता. त्या रात्री तो जेवला नाही आणि आईने ताट आपटलंही नाही, झाकून ठेवलं.

आता ती निवृत्त झाली आहे आणि मंगळवारी-शुक्रवारी त्याच्याबरोबर जाते. त्याला डाव्या बाजूने ऐकू येत नाही, म्हणून ती डावीकडे बसून मोजते. परवा दोघं संध्याकाळी परतले ते जिन्यापासूनच भांडत. धुळीने पांढरे झालेले, दोघांचेही आवाज चढलेले. मी दार उघडून विचारलं, काय झालं?

"बसमध्ये खिडकीची जागा याने घेतली," आई म्हणाली.

"तिला वारा लागून खोकला होतो," मामा म्हणाला.

"मला सांगू नकोस मला काय होतं ते," आई त्याच्याकडे वळून म्हणाली, आणि ते दोघं चपला काढता काढता पुन्हा सुरू झाले.